ग्रेडरसाहेबांनी निवडलेली फरशी

साधना सिस्टर रोज सकाळी नवऱ्याला घरात कोंडून कामावर जायची.

कोंडून हा शब्द तिचाच. धर्मपाल कधी तसं म्हणाला नाही. तो आपला म्हणायचा, "लाव कुलूप आन् जाय, बस निघून जाईन." पण कुलपात किल्ली फिरवताना तिचा हात रोज जड व्हायचा. दाराच्या आत डोळ्यांनी गेलेला माणूस, बाहेर कुलूप, आणि दुसरी किल्ली शेजारच्या कांताबाईकडे. पांढरकवड्यातल्या घरापासून तिचं आरोग्य केंद्र हायवेने बरंच लांब. तिथे ती दिवसभर बायकांची बाळंतपणं करायची, लेकरांना डोस पाजायची, आणि मन मात्र त्या कुलपापाशी उभं असायचं.

कुलूप काही हौसेने लागलं नव्हतं. घराचा पाया भरताना मुरूम घालायचा तिथे ठेकेदाराने हात आखडता घेतला होता, आणि खाली सगळी काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, कपाशीला मानवते आणि घराला मुळीच मानवत नाही. दर पावसाळ्यात शहाबादीचा एखादा कोपरा वर यायचा, शेजारचा खाली बसायचा. दोन हजार पंधरा सालच्या पावसाळ्यात असाच एक नवा कोपरा उचलला गेला. धर्मपालचा पाय त्याला अडखळला आणि तो तोंडघशी पडला. मनगट मोडलं. दाराला आतून कडी होती. कांताबाई बाहेरून हाका मारून मारून रडकुंडीला आली, शेवटी खिडकीचे गज कापून माणसं आत शिरली. तेव्हापासून आतली कडी बंद आणि बाहेरचं कुलूप सुरू.

नागपूरहून मुलगा आला, संघदीप. बापाचं प्लास्टर पाहून त्याने आईला बाजूला घेतलं. "आई, हे असं चालणार नाही. एक तर बाबांना घरात एकटं राहता आलं पाहिजे, नाहीतर तुम्ही दोघं माझ्याकडे या. दिवाळीपर्यंत काय ते ठरवा." पोरगा मनाने सोन्यासारखा, फक्त बोलण्यात ऑफिसची घाई. त्याचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. साधनाची नोकरीची काही वर्षं अजून बाकी होती, आणि ती सोडायला ती तयार नव्हती. अर्ध्या तालुक्याची पोरं तिच्या हातावर जन्मली होती. धर्मपालचं तर विचारूच नका. नागपुरात त्याला कुत्रं ओळखत नव्हतं. इथे अजून रस्त्याने जाणारा एखादा म्हातारा शेतकरी खिडकीपाशी थांबून हाक मारायचा, "ग्रेडरसाहेब, बरं हाये ना?"

तर हे ग्रेडरसाहेब.

बाप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहणारा हमाल. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतरच्या पहिल्याच वर्षी मुलगा झाला, म्हणून नाव धर्मपाल. मुलगा शिकला, परीक्षा देऊन सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर झाला. बापाने जो कापूस पाठीवर वाहिला, त्याची प्रत मुलगा ठरवू लागला, आणि म्हाताऱ्याने ही गोष्ट मरेपर्यंत गावभर सांगितली.

ग्रेडर म्हणजे बोटांचा माणूस. गाडीत हात घालून पोटातला कापूस काढायचा, मुठीत दाबून ओल बघायची, चिमूटभर तंतू दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढायचे आणि लांबी बघायची. मग कचरा आणि कवडी. किडक्या बोंडातून निघतो तो पिवळा, चिकटलेला कापूस म्हणजे कवडी. मऊ, लांब, तलम तो वरच्या प्रतीचा. खरखरीत आणि आखूड तो खालच्या. आणि सगळ्यात मोठा गुन्हा मिसळीचा. वर पांढराशुभ्र माल आणि पोटात कवडी, अशी गाडी धर्मपाल तिथल्या तिथे रांगेतून काढायचा. मग ती सरपंचाची असो की सख्ख्या साळ्याची. साळ्याची एकदा काढलीही होती, आणि ते प्रकरण साधनाच्या माहेरी अजून मिटलेलं नाही.

ती वर्षंच वाईट होती. भाव पडलेले, गाड्यांची रांग पार हायवेला लागलेली, माणसं गाडीखालीच मुक्काम ठोकून. सगळ्यांचे डोळे धर्मपालच्या अंगठ्यांवर. साधनाच्या केंद्रात फवारणीचं औषध प्यालेल्या कोणाला तरी घेऊन जीप यायची, आणि त्या दिवशी दोघंही नवरा-बायको जेवताना एकमेकांशी बोलायची नाहीत. धर्मपाल कोणाचा चहासुद्धा घेत नसे. लोक त्याला मनसोक्त शिव्या द्यायचे आणि आपली गाडी त्याच्याच हाताखाली लागावी म्हणून धडपडायचे.

मग काचबिंदू आला. त्याने चोरपावलांनी कडेकडेने नजर खाल्ली. एका हंगामात कवडी दिसेनाशी झाली, तेव्हा धर्मपाल आपल्या पायाने वरच्या साहेबाकडे गेला. "मले आता कवडी दिसत नायी. मी लोकाईच्या मालाले प्रत कशी देऊ?" कोणी काही बोलायच्या आत त्याने काम सोडलं. साधनाला तेव्हा त्याचा राग आला होता आणि अभिमानही वाटला होता, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ती नुसती रडली होती.

आता प्रश्न फरशीचा. मारोती मिस्त्रीने डोकं खाजवून सांगितलं, की सगळं फोडायचं तर महिनाभर धूळ, आणि माती पुन्हा उचलणार नाही याची जबाबदारी तो घेत नाही. संघदीपने फोनवर फोटो धाडले. लॅमिनेट म्हणे. लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, खाली फोमचा थर, पट्टीत पट्टी अडकवायची, जमिनीला चिकटवायचीच नाही. खालची जमीन थोडी हलली तरी वरची फरशी आपली जागच्या जागी. मारोतीने फोन उलटा-सुलटा करून पाहिला. "म्हंजे चटईच झाली ना, सिस्टरबाई. मी खालचं सपाट करून देतो. वरतून तुमी काय अंथराचं ते अंथरा."

दोघं यवतमाळला गेले. दुकान चकचकीत, भिंतीवर नमुनेच नमुने. मालकाने सुरुवात केली, "हा ओक, हा वॉलनट, हा मेपल." साधनाला त्यातलं एकही झाड माहीत नव्हतं. घराच्या चारी बाजूंना सागवानाचं जंगल असलेल्या बाईने बर्फातल्या झाडांचं काय करायचं? तिने विचारलं, "सागवान नायी का?" निघालं सागवान. तपकिरी रंग, अंगावर उठून आलेल्या रेषा, दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीक खाच. तिला ते पाहताक्षणी आवडलं.

"रंगाचं तू पाह्य," धर्मपाल साधनाला म्हणाला, आणि मालकाकडे हात पुढे केला. "माह्या हातात द्या एक एक."

आणि मग साधनाने कितीतरी वर्षांनी तो माणूस पाहिला. पाठ ताठ, मान किंचित वाकडी, अंगठे पट्टीवरून सावकाश फिरताहेत. एकेक नमुना तो हातात घ्यायचा, पालथा करायचा, कडेवरून नख ओढायचा. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, तीही गप्प होऊन बघू लागली. सागवानाच्या पट्टीवर बोट टेकताच त्याने नाक मुरडलं.

"हे तर कचरा हाये. खरखर पाह्य ना याची! असा माल मी गेटाबाहेर काढला असता."

शेवटी वॉलनट हातात आला. आरशासारखा गुळगुळीत. अंगठा त्यावरून असा सरकला की धर्मपाल हसला. "हे. हे एक नंबर."

"काय पारख आहे भाऊंची!" मालक म्हणाला. दुकानदारच तो, दुसरं काय म्हणणार?

साधनाला मनातून ते पटलेलं नव्हतं. इतक्या चकचकीत फरशीवर पाण्याचा थेंब पडला तर? पण त्याच्या चेहऱ्यावरचा तो तोरा, तो जुना ग्रेडरसाहेब, तिला मोडवेना. तिने मान हलवली आणि माल गाडीत चढला. चुकली ती इथे, आणि पुढे तिने ते मनाशी कबूलही केलं.

मारोतीने खालची जमीन सपाट केली, दुकानातल्या माणसाने पट्ट्या बसवल्या. स्वयंपाकघर आणि मोरी तेवढी जुनीच ठेवली, कारण या पट्ट्यांना पाणी सोसत नाही. संध्याकाळी घर असं काही झळकायला लागलं की कांताबाई दारातच थबकली. "मायबाई! तोंड दिसते नं यात!" धर्मपाल खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होता आणि मिशीतल्या मिशीत खूश होत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. धर्मपाल उठला आणि दर रविवारसारखा दारात उन्हाला बसायला निघाला. साधना पोळ्या लाटता लाटता बघत होती. पलंगापासून तो चार पावलं आला आणि थांबला. पाय पुढे घासून पाहिला. डावीकडे घासला, उजवीकडे घासला.

"काहून उभे राह्यले?"

तो एकदम ठरवून चालायला लागला, आणि जिथे दार असायला हवं तिथे त्याचा हात भिंतीला लागला. तो वळला. टाच सरकली. कपाट होतं म्हणून तो सावरला. साधना लाटणं टाकून धावली, पण तोवर तो स्वतःच खाली बसला होता, खोलीच्या मधोमध, त्या चकचकीत फरशीवर.

"साधना," तो म्हणाला, "मी कुठी आहो?"

लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने त्याचा हा आवाज ऐकला नव्हता. शेजारी बसून तिने त्याचा हात धरला तेव्हा कुठे तिला उमगलं. जुनी फरशी वाईट होती, पण ती त्याच्या पायांशी बोलत होती. पलंगापाशी रुंद सांधा, पुढे खचलेली लादी, स्वयंपाकघराच्या तोंडाशी फुटका तुकडा. यातलं प्रत्येक त्याच्या तळव्याला पाठ होतं. नव्याने उचललेला तो एकच कोपरा पाठ नव्हता, आणि त्यानेच दगा दिला. आता सगळीकडे एकसारखं गुळगुळीत. ही फरशी त्याला पाडत नव्हती कदाचित, पण काही सांगतही नव्हती.

"हातानं पाह्यलं मी," धर्मपाल म्हणाला. "मऊ म्हंजे चांगलं. जनमभर तेच केलं. चालाचं तर पायानं होतं." आणि जरा वेळाने, "संघदीपले फोन लाव. येतो म्हन आमी."

तिने फोन लावला नाही. त्या दिवशी तो नीट जेवला नाही. सोमवारी पुन्हा कुलूप. बसमध्ये बसल्या बसल्या ती स्वतःवरच चिडली. बाळंतिणीला दहा वेळा विचारून विचारून औषध देणारी मी, आणि नवऱ्याच्या पायांना एकदाही विचारलं नाही. बस सागवानाच्या रानातून चालली होती आणि तिला ती खरखरीत पट्टी आठवली.

सुट्टीच्या दिवशी ती एकटीच यवतमाळच्या दुकानात गेली. मालकाला नमुने भिंतीवरून उतरवून जमिनीवर ओळीने मांडायला लावले. चपला काढल्या, डोळे मिटले आणि त्यांवरून चालायला लागली.

"मॅडम, चक्कर येऊन राह्यली का?"

"तुमी जरा चूप बसा बाप्पा!"

गुळगुळीत, गुळगुळीत, थोडं कमी गुळगुळीत. आणि मग तळव्याला रेषा लागल्या, लांबच लांब, पावलाच्या दिशेने धावणाऱ्या. तिने डोळे न उघडताच विचारलं, "हे सागवान ना?" होतं. जाडी एकच का? एकच. अडकवायची खाच? तीच. एवढंच तिला हवं होतं. आधीचा माल परत घ्या म्हणायला ती आलीच नव्हती.

घरी येऊन तिने बेत सांगितला. पलंगापासून दारापर्यंत आणि मधून स्वयंपाकघराकडे सागवानाचा पट्टा टाकायचा, पाऊलवाट असते तेवढा रुंद. बाकी घर आहे तसंच गुळगुळीत. पायाला खरखरीत लागतं तोवर वाटेवर, गुळगुळीत लागलं की वाट सुटली.

धर्मपाल अंथरुणातून उठूनच बसला. "दोन प्रतीचा माल एका जागी? माह्या घरात? मिसळ?"

"कापूस नायी हाये थो, फरशी हाये!"

"मी सख्ख्या साळ्याची गाडी परत धाडली या पायी!"

"आता थे नका काढू!"

तेवढ्यात संघदीपचा फोन आला, आणि बेत ऐकून त्यानेही सूर लावला. "आई, पॅच मारल्यासारखं दिसेल ना ते. कसं दिसेल?"

इथे साधनाचा तोल गेला. "कोणाले दिसन? तू महिन्यातून एकदा येतं. मी दिवसभर बाहेर. आन् ज्याले राहाचं हाये त्याले दिसतच नायी!"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. आणि मग धर्मपाल हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बराबर बोलली बे तुही माय," तो फोनच्या दिशेने म्हणाला. "जाऊ दे. टाकू दे तिले." साधनाही हसली. इतके दिवस छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं.

पट्टा बसला त्या दिवशी ग्रेडरसाहेब मारोतीच्या उरावर बसून होते. सपाटीवर हात फिरव, सांधा चाचप, इथे उंच झालं, इथे खोल. मारोती वैतागला. "साहेब, तुमी खुर्चीत बसा ना." पण वळणापाशी काम अडलं. स्वयंपाकघराकडे वाट फुटते ते पायाला कळणार कसं? धर्मपाल उकिडवा बसून दोन्ही तळहात टेकून विचार करत राहिला. "इथी पट्ट्या आडव्या टाक, मारोती. रेषा आडवी लागली का समजन, वळन आलं." मारोतीने कापून तशा बसवल्या. दिसायला ते ओबडधोबडच झालं. मोठ्या प्रेमाने शिवलेलं ठिगळ म्हणा हवं तर.

मग त्याने चालून पाहिलं. पहिल्या दिवशी साधनाचा हात धरून, दुसऱ्या दिवशी तिला पाठीमागे ठेवून, मग ती स्वयंपाकघरात असताना मुद्दाम आवाज न करता. एकदा तर तिच्या मागे येऊन "चहा झाला का?" म्हणाला आणि ती दचकून ओरडलीच. शिव्या दिल्या तिने. पण त्या देताना तिचा जीव भांड्यात पडला होता.

सोमवारी ती कामावर निघाली. दाराबाहेर आली, सवयीने पिशवीत कुलूप चाचपायला लागली. आतून धर्मपाल म्हणाला, "राहू दे थे. मी लावतो आतून." आणि तिच्या नाकासमोर दार बंद झालं, कडी सरकली. ती तिथे जरा वेळ उभीच राहिली. किल्ली द्यायची नव्हती, तरी कांताबाईला "लक्ष ठेवजो वं" सांगून आली.

दिवस कसा गेला ते तिचं तिला माहीत. एका लेकराच्या आजीने दोनदा विचारलं, "सिस्टरबाई, तब्येत बरी नायी का?" पडला असेल का? कडी आतून. पुन्हा गज कापायचे का? कांताबाईचा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक असेल. की कांताबाईच झोपली असेल? परतीची बस नेमकी वाटेत थांबत थांबत आली. स्टँडवरून ती जवळजवळ पळतच घरी आली आणि दार वाजवलं.

आत शांतता.

तिने पुन्हा वाजवलं. मग पावलं ऐकू आली. अडखळणारी नाहीत, घासणारी नाहीत. घरातला माणूस दार उघडायला येतो तशी सरळ, एकसारखी, थोडी आळसावलेलीच. पावलं दारापाशी थांबली.

"कोन हाये?"

तिला बोलताच येईना.

"बोला ना बाप्पा. असं कोनालेबी दार नायी उघडत आमी."

"मी," ती कशीबशी म्हणाली. "मी हावो."

कडी सरकली. धर्मपाल दारात उभा होता, बनियनवर, केस विस्कटलेले, दुपारच्या झोपेतून उठून आलेला. झोपला होता! ती दिवसभर जीव टांगून, आणि हा माणूस मस्त झोपला होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं, इतकं की ती उंबऱ्यावरच बसली.

"अवं, काय झालं? रडून राह्यली का तू?" त्याने वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बस जरा. उन्हातून आली. पानी आनतो."

तो वळला आणि आत गेला. इतक्या वर्षांच्या सवयीने साधनाला उठावंसं झालं. पावलं वळणापर्यंत गेली, क्षणभर थांबली, स्वयंपाकघराकडे वळली. माठावरचं झाकण वाजलं. ती उठली नाही. भिंतीला टेकून, पाय लांब करून, ती पाणी येण्याची वाट बघत बसून राहिली.